‘ॲटॉमिक ट्रेन’ : गाडी नेमकी कुठे सुटते?

१९९९ च्या मे महिन्यात, १६ आणि १७ तारखेला, अमेरिकेतील एनबीसी वाहिनीने ‘ॲटॉमिक ट्रेन’ हा खास दूरचित्रवाणीसाठी बनवलेला चित्रपट दोन रात्रींत विभागून दाखवला. मे हा तेव्हा तिथल्या वाहिन्यांचा प्रेक्षकसंख्या मोजण्याचा एक महिना असे आणि त्या मोजणीवर जाहिरातींचे दर ठरत असल्यामुळे भव्य कार्यक्रम अशा दिवसांसाठी राखून ठेवले जात. चित्रपटाची कथा थोडक्यात सांगायची तर, रशियन बनावटीचा एक अणुबॉम्ब पैशापायी रसायनांच्या मालात लपवून मालगाडीत चढवला जातो, रॉकी पर्वताच्या उतारावर त्या गाडीचे ब्रेक निकामी होतात, गाडी डेन्व्हर शहराच्या दिशेने बेफाम सुटते आणि राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचा एक अपघात-तपासनीस तिला थांबवण्यासाठी जिवाचे रान करतो. तपासनीसाची ही भूमिका रॉब लो यांनी केली आहे. बेफाम सुटलेल्या गाडीवर दूरचित्रवाणीने बनवलेला हा काही पहिला चित्रपट नव्हे. १९७३ मध्ये एबीसी वाहिनीने ‘रनअवे!’ या नावाने, बर्फावरच्या खेळांसाठी गेलेल्या प्रवाशांना घेऊन डोंगर उतरणाऱ्या गाडीची गोष्ट दाखवली होती. पण ‘ॲटॉमिक ट्रेन’ मला अधिक विचार करण्यासारखा वाटतो, कारण रेल्वे अपघातांविषयीचे एक मोठे सत्य त्याने सुरुवातीलाच हाती घेतले आहे आणि नंतर चार पावलांवर ते टाकून दिले आहे.

ते सत्य असे की, गाडी उतारावर सुटलेली दिसते, पण ती तिथे सुटलेली नसते. ती आधीच, काही तासांपूर्वी किंवा काही दिवसांपूर्वी, माल चढवताना, वजन लिहिताना, हातब्रेक आवळताना किंवा एखादी दुरुस्ती पुढे ढकलताना सुटलेली असते.

हे समजण्यासाठी रेल्वेच्या ब्रेकची रचना थोडी पाहावी लागेल. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८६९ मध्ये जो पहिला हवेचा ब्रेक आणला, त्यात इंजिनातून नळीवाटे दाबाखालची हवा डब्यांकडे सोडली की ब्रेक लागत असे, त्यामुळे नळी फुटली किंवा डबे तुटून वेगळे झाले की ब्रेक हातचा जात असे. काही वर्षांतच त्यांनी ही रचना उलटी केली. नव्या रचनेत प्रत्येक डब्याखाली हवेची स्वतःची टाकी असते, गाडीभर जाणाऱ्या ब्रेक पाइपमधला दाब टिकून असेपर्यंत ब्रेक सुटलेले राहतात आणि तो दाब कमी झाला की प्रत्येक डबा आपल्या टाकीतली हवा वापरून आपले ब्रेक आपणच लावतो. म्हणजे नळी फुटली, गाडी दुभंगली, कुणी आपत्कालीन झडप उघडली, तरी परिणाम एकच, गाडी थांबते. बिघाड झाला की यंत्राने सुरक्षित बाजूला झुकावे, हे तत्त्व अभियांत्रिकीत इतक्या लवकर आणि इतक्या स्वच्छपणे क्वचितच उतरले असेल. ब्रिटनमध्ये हे तत्त्व कायद्यात यायला मात्र मोठी किंमत मोजावी लागली. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा येथे सहलीच्या गाडीचे मागचे डबे वेगळे करून उभे केले असताना ते उतारावरून मागे घरंगळले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळून सुमारे ८० माणसे गेली, त्यांत मुलांची संख्या मोठी होती. त्या गाडीला आपोआप लागणारे ब्रेक नव्हते. त्याच वर्षी तिथल्या संसदेने प्रवासी गाड्यांना असे ब्रेक सक्तीचे केले.

म्हणूनच पडद्यावर कुणी ‘ब्रेक गेले’ असे ओरडते तेव्हा मला पहिला प्रश्न पडतो तो हा की, कसे गेले? स्वयंचलित हवेचा ब्रेक सहजासहजी जात नाही. तो जायचे मार्ग मोजकेच आहेत आणि प्रत्येकामागे माणसाचा हात असतो. चालकाने उतारावर ब्रेक वारंवार लावले आणि सोडले तर टाक्यांमधली हवा भरून निघायला वेळ मिळत नाही आणि ऐन वेळी टाकीत पुरेसा दाबच नसतो. दोन डब्यांमधला अँगल कॉक, म्हणजे ब्रेक पाइपच्या टोकाची झडप, बंद राहिला तर त्याच्या मागच्या सर्व डब्यांना पुढची आज्ञा पोहोचतच नाही. पॅरिसच्या गार द ल्यों स्थानकात २७ जून १९८८ रोजी ५६ माणसे दगावली, त्या अपघाताच्या मुळाशी अशीच एक बंद राहिलेली झडप होती. तिसरा मार्ग उष्णतेचा आणि वजनाचा आहे, आणि डोंगराळ प्रदेशात तोच सर्वांत घातक ठरतो.

२ टक्के उतार म्हणजे प्रत्येक किलोमीटरला २० मीटर खाली येणे. पायी चालणाऱ्याला हा उतार जेमतेम जाणवेल. पण ५,००० टनांची मालगाडी असा एक किलोमीटर उतरते तेव्हा जवळजवळ १०० कोटी ज्यूल ऊर्जा मोकळी होते आणि वेग वाढू द्यायचा नसेल तर ही सगळी ऊर्जा ब्रेकच्या ठोकळ्यांनी आणि चाकांनी उष्णतेच्या रूपात पचवावी लागते. इंजिनातले डायनॅमिक ब्रेक, म्हणजे चाकांच्या मोटारींनाच जनित्र बनवून गाडीला ओढ लावण्याची सोय, हा भार हलका करतात, पण त्यांनाही मर्यादा आहे. एका ठरावीक वेगापलीकडे ठोकळे इतके तापतात की त्यांची पकड कमी होते, पकड कमी झाली की वेग वाढतो, वेग वाढला की उष्णता आणखी वाढते, आणि मग ब्रेक पूर्ण लागलेले असूनही गाडी पळत राहते. अनुभवी चालक डोंगरमाथ्यावरून निघतानाचा वेग इतक्या काटेकोरपणे का सांभाळतात, याचे कारण यात आहे. माथ्यावर पाच-दहा किलोमीटरचा वेग अधिक घेतला तर तो खाली उतरताना परत करता येतोच असे नाही.

आता चित्रपटाच्या भूगोलाकडे येऊ. पश्चिमेकडून डेन्व्हरला येणारा प्रसिद्ध मार्ग मोफॅट बोगद्यातून येतो. सुमारे १० किलोमीटर लांबीचा हा बोगदा १९२८ मध्ये वाहतुकीसाठी खुला झाला आणि त्याच्या पूर्वेकडच्या तोंडापासून डेन्व्हरपर्यंत, म्हणजे साधारण ८० किलोमीटरच्या अंतरात, लोहमार्ग जवळजवळ १,२०० मीटर खाली उतरतो. उतार बराच काळ २ टक्क्यांच्या आसपास राहतो, वाटेत छोट्या बोगद्यांची रांग आहे आणि मैदानाला लागण्याआधी ‘बिग टेन’ नावाचे दोन मोठे वेढे आहेत. त्या ठिकाणी वारा इतका भयंकर वाहतो की त्याला अडसर म्हणून माती-वाळूने भरलेल्या जुन्या वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, बाजूच्या रुळांवर कायमच्या उभ्या करून ठेवल्या आहेत. ज्या मार्गावर वाऱ्याने वाघिणी उलटू शकतात, त्या मार्गावर सुटलेली गाडी किती काळ रुळांवर टिकेल? साधे गणित मांडले तरी उत्तर मिळते. उभी असलेली गाडी २ टक्के उतारावर पूर्ण मोकळी सुटली, तर घर्षणाचा विरोध वजा करूनही एका मिनिटात तिचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या जवळ जातो आणि तीन मिनिटांत तो शंभराच्या वर असतो. पहिले कठीण वळण येते तिथेच सारे संपते. डोंगरात खरोखर सुटलेल्या गाडीची गोष्ट मिनिटांत मोजावी लागते.

दूरचित्रवाणीला मात्र दोन रात्री भरायच्या असतात. दर थोड्या वेळाने जाहिराती येणार, आणि प्रत्येक जाहिरातीआधी प्रेक्षक जागेवर खिळून राहील असा क्षण हवा, त्यामुळे गाडी थांबवण्याचा एक उपाय फसला की दुसरा, दुसरा फसला की तिसरा, अशी साखळी गुंफावी लागते. या रचनेला मी दोष देत नाही, तिच्यात स्वतःचे एक कसब आहे. खऱ्या आयुष्यातही एकदा अशी दीर्घ पाठलागाची घटना घडली, पण ती डोंगरात नव्हे, सपाट प्रदेशात. १५ मे २००१ रोजी, म्हणजे हा चित्रपट दाखवला गेल्यानंतर जवळजवळ दोन वर्षांनी, ओहायो राज्यात ८८८८ क्रमांकाचे इंजिन ४७ डबे घेऊन चालकाविना यार्डातून बाहेर पडले. रुळांचा सांधा बदलण्यासाठी चालक खाली उतरला होता, डायनॅमिक ब्रेक लागला आहे असा त्याचा समज होता आणि प्रत्यक्षात इंजिन गाडी पुढे ओढत होते. यार्डातल्या हालचालीच्या प्रथेप्रमाणे डब्यांचे हवेचे ब्रेक जोडलेलेच नव्हते. काही डब्यांत वितळलेले फिनॉल हे विषारी रसायन होते. जवळजवळ दोन तास, शंभराहून अधिक किलोमीटर ती गाडी पळत राहिली, शेवटी दुसऱ्या इंजिनाने मागून गाठून तिला जोडून घेतले, वेग कमी केला आणि एका कर्मचाऱ्याने बाजूने धावत जाऊन पुढच्या इंजिनावर चढून ते बंद केले. कुणाचाही जीव गेला नाही. दूरचित्रवाणीच्या लेखकांना हव्या असलेल्या सर्व गोष्टी या घटनेत आहेत, पण तिचे मूळ एका माणसाच्या हातून चुकलेल्या एका दांड्यात आहे.

ज्या अपघाताची आठवण मला ‘ॲटॉमिक ट्रेन’ पाहताना सतत येत राहिली, तो कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनोचा आहे. १२ मे १९८९ च्या सकाळी ट्रोना या खनिजाने भरलेल्या ६९ वाघिणींची एक मालगाडी काहोन खिंडीतून खाली येत होती. माल पाठवणाऱ्याच्या कागदावर वजनाची नोंद नव्हती, म्हणून कचेरीतल्या कारकुनाने अंदाजाने दर वाघिणीला सुमारे ६० टन असे गृहीत धरले, आणि प्रत्यक्षात प्रत्येक वाघिणीत सुमारे १०० टन माल होता. कागदावर सुमारे ६,१५० टनांची असलेली गाडी प्रत्यक्षात ९,००० टनांच्या जवळ होती. त्यातच काही इंजिनांचे डायनॅमिक ब्रेक चालत नव्हते आणि पुढच्या चालकाला त्याची पूर्ण कल्पना नव्हती. कागदावरच्या वजनावरून त्याने हिशेब केला आणि ताशी ३० मैलांनी उतरायचे ठरवले. त्याचा हिशेब बरोबर होता, त्याला दिलेला आकडा चुकीचा होता. वेग हाताबाहेर जाऊ लागला तेव्हा मागच्या साहाय्यक इंजिनाच्या चालकाने आपत्कालीन ब्रेक ओढला, आणि त्या काळच्या रचनेनुसार आपत्कालीन ब्रेक लागताच जे काही डायनॅमिक ब्रेक काम करत होते तेही बंद पडले. खिंडीच्या पायथ्याशी, डफी स्ट्रीटलगतच्या वळणावर, ताशी सुमारे ११० मैलांच्या वेगाने गाडी रूळ सोडून घरांवर कोसळली. दोन रेल्वे कर्मचारी आणि घरांतली दोन मुले त्यात गेली. इथेही ते थांबले नाही. त्याच जागेखालून पेट्रोलची एक वाहिनी जात होती, बहुधा मलबा हलवताना तिला इजा झाली, आणि तेरा दिवसांनी, २५ मे रोजी, ती फुटून लागलेल्या आगीत आणखी दोघांचा बळी गेला.

हा अपघात सुटला कुठे? काहोन खिंडीत नव्हे. वजनाच्या रकान्यात एका कारकुनाने अंदाजे आकडा लिहिला तिथे तो सुटला, आणि तो आकडा खरा मानून त्यावर पुढचा प्रत्येक माणूस प्रामाणिकपणे काम करत गेला. ‘ॲटॉमिक ट्रेन’च्या सुरुवातीला जेव्हा गाडीत काय चढवले आहे हे मुद्दाम दडवले जाते, तेव्हा चित्रपट नेमक्या या ठिकाणी बोट ठेवतो. चालकाला आपण काय ओढतो आहोत हे माहीत नाही, नियंत्रण कक्षाला माहीत नाही, गाडी थांबवायला धावून आलेल्यांना माहीत नाही. पुढे आगीवर पाणी टाकले जाते आणि ते सोडियमवर पडून स्फोट होतो. सोडियम धातू पाण्याशी तीव्र अभिक्रिया करतो, हायड्रोजन बाहेर पडतो आणि तो पेटतो, हे रसायनशास्त्र खरे आहे. धोकादायक मालाच्या वाघिणींवर फलक लावण्याचे आणि चालकाजवळ मालाची यादी ठेवण्याचे नियम असतात ते याचसाठी, म्हणजे आग विझवणाऱ्याला पाणी मारायचे की नाही हे आधी कळावे. माहिती खरी नसेल तर मदतीला आलेला माणूसच अनर्थाचे निमित्त होतो, आणि हे दाखवणारा प्रसंग मला संपूर्ण चित्रपटातला सर्वांत प्रामाणिक प्रसंग वाटतो.

मग हा धागा सुटतो कशामुळे? मला वाटते, नायकाच्या निवडीमुळे, म्हणजे खरे तर नायकाच्या निवडीचा उपयोग न केल्यामुळे. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळ ही संस्था १९६७ मध्ये स्थापन झाली. तिला स्वतः नियम लादण्याचा अधिकार नाही, ती तपास करते आणि शिफारशी करते. तिच्या तपासनीसाचे काम अपघात घडून गेल्यावर सुरू होते आणि काळाच्या उलट दिशेने जाते. तुटलेला रूळ, मग ब्रेकचा ठोकळा, मग चालकाची पाळी, मग यार्डातली नोंद, मग दुरुस्तीच्या वहीतली सही, अशा पायऱ्या उतरत तो मूळ ठिकाणी पोहोचतो. कॅनडातील लाक-मेगांतिक येथे ६ जुलै २०१३ रोजी खनिज तेलाच्या ७२ टाकी-वाघिणी असलेली गाडी माणसाविना उतारावरून शहरात शिरली आणि ४७ माणसे गेली. तिथल्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या अहवालात एका कारणाऐवजी १८ कारणे आणि साहाय्यक घटक नोंदवले गेले. इंजिनाला लागलेली आग विझवताना ते बंद केले गेले, बंद इंजिन हवा भरू शकत नाही, हवा हळूहळू गळत गेली, आणि फक्त सात हातब्रेक तेवढ्या वजनाला पुरे पडले नाहीत. पण ते हातब्रेक पुरेसे आहेत की नाही याची चाचणी इंजिनाचे हवेचे ब्रेक लागलेले असताना घेतली गेली होती, म्हणून ते पुरेसे वाटले. एका माणसाला खलनायक ठरवून हा अहवाल मिटवता आला असता. तसे न करता त्याने कंपनीची कार्यपद्धती आणि सरकारी देखरेखही तपासली. असा व्यवसाय असलेला माणूस ‘ॲटॉमिक ट्रेन’ने नायक म्हणून निवडला आणि त्याला गाडीवर चढवले. तिथे तो शूर आहे, पण त्याच्या व्यवसायातले खरे धैर्य, म्हणजे कागदपत्रांच्या ढिगात न घाबरता मागे मागे जाण्याचे धैर्य, पडद्यावर येतच नाही.

त्या स्फोटाने अणुबॉम्बही फुटतो, हा भाग मात्र मला मान्य करता येत नाही, आणि त्यावर मौन बाळगणे बरे नव्हे, कारण अशा चित्रपटांतून लोकांच्या मनात भीती घर करते. आगीत सापडून किंवा धक्क्याने अणुबॉम्ब पूर्ण शक्तीने फुटत नाही. त्यातली स्फोटके अत्यंत अचूकपणे, एकाच क्षणी सर्व बाजूंनी पेटावी लागतात. १७ जानेवारी १९६६ रोजी स्पेनमधील पालोमारेस येथे आणि २१ जानेवारी १९६८ रोजी ग्रीनलंडमधील थुले येथे अमेरिकी बॉम्बफेकी विमाने कोसळली, बॉम्बमधली साधी स्फोटके फुटली, प्लुटोनियम विखुरले गेले आणि ते गोळा करायला महिने लागले, पण अणुस्फोट झाला नाही. चित्रपटाला खरोखर वास्तवाच्या जवळ राहायचे असते तर विखुरलेल्या किरणोत्सारी धुळीची, अडवून ठेवलेल्या वस्तीची आणि लांबलेल्या सफाईची गोष्ट सांगता आली असती, आणि ती कमी भयानक झाली नसती. प्रक्षेपणाच्या सुमारास वाहिनीनेही यावर काम केले. चित्रपट काल्पनिक असल्याची सूचना जोडली गेली आणि संवादांतील ‘अणुकचरा’ हा उल्लेख काढून तिथे ‘धोकादायक कचरा’ असे शब्द घातले गेले. एनबीसीची मालकी तेव्हा जनरल इलेक्ट्रिककडे होती आणि ही कंपनी रेल्वेची इंजिनेही बनवत होती आणि अणुभट्ट्याही, त्यामुळे या बदलाची तेव्हा बरीच चर्चा झाली. माझ्या मते संवाद बदलून काही साधले नाही, कारण आक्षेप शब्दाला नव्हे, स्फोटाच्या शास्त्राला घ्यायला हवा होता.

अणुसामग्री आणि रेल्वे यांचा संबंध कल्पनेतला नाही, हेही सांगायला हवे. अमेरिकेत टेक्सासमधील अमारिलोजवळच्या पँटेक्स कारखान्यातून अण्वस्त्रे अनेक वर्षे पांढऱ्या रंगाच्या खास गाड्यांनी नेली जात. १९८० च्या दशकात त्यांच्या मार्गावर लोक प्रार्थना आणि निदर्शने करत रुळांजवळ उभे राहू लागले, आणि १९८७ नंतर ही वाहतूक रस्त्याने, संरक्षित ट्रकांतून होऊ लागली. ब्रिटनमध्ये १७ जुलै १९८४ रोजी ओल्ड डॅल्बी येथील चाचणीमार्गावर, वापरलेले अणुइंधन नेण्याचे पोलादी पात्र रुळांवर आडवे ठेवून त्यावर चालकाविना एक गाडी ताशी १०० मैलांनी मुद्दाम आदळवण्यात आली. पत्रकारांच्या देखत आणि कॅमेऱ्यांसमोर इंजिनाचा चक्काचूर झाला, पात्र शाबूत राहिले. सुटलेल्या गाडीचे याहून खरे चित्रीकरण दूरचित्रवाणीला क्वचितच मिळाले असेल.

‘ॲटॉमिक ट्रेन’ पाहायचाच असेल तर स्फोटापर्यंतचा भाग लक्ष देऊन पाहावा असे मी सुचवीन. त्यानंतर चित्रपट शहराबाहेर पळणाऱ्या लोकांचा होतो आणि रेल्वेचा विषय मागे पडतो. पाहताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. काहोन खिंडीत १ फेब्रुवारी १९९६ रोजी ब्रेक पाइपमध्ये अडथळा आल्यामुळे आणखी एक मालगाडी सुटली आणि दोन कर्मचारी गेले. पुढच्या वर्षी अमेरिकेत तीव्र उतारांवरच्या गाड्यांना शेवटच्या वाघिणीवर दुतर्फा संदेश देणारे उपकरण सक्तीचे झाले. चालकाने इंजिनातून कळ दाबली की रेडिओवरून त्या उपकरणाला आज्ञा जाते आणि ते मागच्या टोकाकडून ब्रेक पाइपमधली हवा सोडून देते, मग मध्ये कुठेही अडथळा असला तरी त्याच्या मागच्या डब्यांचे ब्रेक लागतातच. १९९९ च्या मालगाडीवर हे उपकरण असायला हवे होते. ते का चालले नाही, किती दिवसांपासून चालत नव्हते आणि गाडी निघण्यापूर्वी त्याची तपासणी कुणी केली होती, हे प्रश्न रॉब लो यांच्या तपासनीसाने एका तरी प्रसंगात कुणाला तरी विचारायला हवे होते.